संत्र्याच्या झाडाचा गृहपाठ

मी आठवीतल्या मुलींना गृहपाठ दिला की पाळीच्या दिवसांत संत्र्याच्या झाडाला हात लावा आणि काय होतं ते बघा.

हे वाक्य आज कागदावर जेवढं बावळट दिसतं तेवढं ते त्या दिवशी वर्गात वाटलं नव्हतं. उलट, बोलून झाल्यावर मी खडूचे हात झटकले आणि स्वतःवर खूश होऊन खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे लांबवर संत्र्याची झाडंच झाडं होती. त्यांच्याकडे मी असा बघत होतो, जसा काही आता त्यांचाच निकाल माझ्या हाती लागणार आहे.

मी मूळचा अकोल्याचा, जुन्या शहरातला. आमच्याकडे संत्रं म्हणजे बाजारात टोपलीत रचलेलं, दाबून बघायचं आणि भाव पाडून घ्यायचं फळ. ते झाडाला लागतं हे ठाऊक होतं. त्यापुढचं माझं ज्ञान पाठ्यपुस्तकाएवढंच. जिल्हा परिषदेच्या नोकरीनं मला उचलून वरुड तालुक्यात आणून ठेवलं, शेंदूरजनाघाटच्या अलीकडच्या एका गावात, विज्ञानाचा शिक्षक म्हणून. बायको-लेकरं अकोल्यातच. मी खोली करून राहायचो आणि सुटी लागली की मोर्शी, अमरावती करत घरी जायचो. बदलीचा अर्ज दर वर्षी करायचो. तो अर्ज कुठपर्यंत पोचला हे वर्गातल्या पोरांनाही माहीत असायचं, कारण ते मीच त्यांना सांगत बसायचो. न्यूटनच्या नियमापेक्षा माझ्या बदलीची प्रगती त्या वर्गाला जास्त पाठ होती.

त्या वर्षी किशोरवयीन मुलामुलींना आरोग्य आणि कुटुंबजीवनाचं शिक्षण द्यायचं म्हणून अमरावतीला प्रशिक्षण निघालं. शाळेतून एकाला पाठवायचं होतं. मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं, कारण मी विज्ञानाचा, आणि अमरावती माझ्या घराच्या वाटेवर. सभागृहात आम्ही पुरुष शिक्षक सगळे मागच्या बाकांवर. शिकवणाऱ्या बाईंनी एकेकाला उभं करून ‘मासिक पाळी’ हे शब्द मोठ्यानं म्हणायला लावले. माझ्या शेजारच्या सरांनी ते असे म्हटले, जसं कोणी कंडक्टरला अर्धं तिकीट मागतो. माझी वेळ आली तेव्हा मी इतक्या जोरात म्हटलं की दारातला चहावाला आत डोकावला. बाई म्हणाल्या, शाब्बास सर. त्या शाब्बासकीनं माझं वाटोळं झालं.

परत येताना माझ्याजवळ शरीररचनेच्या तक्त्याची गुंडाळी होती. एसटीच्या गर्दीत ती कुणाच्या ना कुणाच्या डोक्याला लागत होती. एका आजीबाईंनी विचारलं, काय आहे त्यात बाप्पा? मी म्हणालो, नकाशा. तेव्हाच मी स्वतःला ओळखायला हवं होतं. सभागृहात ओरडणारा माणूस एसटीत नकाशा म्हणतो, त्याच्या धाडसाची मजल कुठपर्यंत आहे हे कळायला वेगळं प्रशिक्षण लागत नाही. पण मी आपला शाब्बासकी चघळत खिडकीशी बसलो होतो.

शाळेत बाई एकच. मराठी शिकवायच्या, त्याच भागातल्या, माळ्याच्या घरात दिलेल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलींचा तास मी घेते, पण त्याआधी त्यांच्या आयांना एकदा शाळेत बोलावू, चहा पाजू, बोलू. मी म्हणालो, मॅडम, हा विज्ञानाचा विषय आहे, यात आयांचं काय काम. त्या म्हणाल्या, विषय विज्ञानाचा आहे सर, पोरी घरच्या आहेत. मला ते जुन्या वळणाचं वाटलं. मी हसलो आणि तक्ता टांगायला खिळा शोधायला गेलो.

मुलं मैदानावर सोडली. मुली बाकांकडे अशा बघत बसल्या, जशी काही वार्षिक परीक्षेची उत्तरं त्या लाकडावर कोरलेली आहेत. मी शुद्ध पुस्तकी मराठीत सुरू झालो. ही नैसर्गिक प्रक्रिया आहे, यात लाजण्यासारखं काही नाही, यात अशुद्ध काही नाही. बोलता बोलता विटाळ या शब्दाची मी इतकी टिंगल केली की दोन-तीन मुली हसल्या. मला वाटलं, जिंकलो.

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. ही मुलगी मला चांगली ठाऊक होती, कारण दर महिन्यात काही दिवस ती हमखास उशिरा यायची आणि मी तिला व्हरांड्यात उभं करायचो. ‘तुमच्या घरी कोंबडा नाही का?’ असं एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. वर्ग हसला होता. अभ्यासात मात्र पक्की. गणितात माझी चूक फळ्यावर जाऊन खोडणारी. ती म्हणाली, “सर, मंग त्या दिवसात बगीच्यातून गेलं त बहार गळत नाही?”

मी म्हणालो, अजिबात नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शाब्बासकी अजून अंगात होती. मी म्हणालो, बाळांनो, मी सांगतो म्हणून मानू नका, विज्ञान म्हणजे पडताळा. एक झाड निवडा, त्याला खूण बांधा, त्या दिवसांत त्याला रोज हात लावा. शेजारच्या झाडाला लावू नका. दिवाळीपर्यंत दोन्ही झाडांकडे लक्ष ठेवा आणि मला सांगा.

मधल्या सुटीत बाईंनी मला विचारलं की ती पोरगी उशिरा का येते हे कळलं का तुम्हाला. मला नव्हतं कळलं. तिचं घर संत्र्याच्या बगीच्यात, शाळा बगीच्याच्या या टोकाला. मधून पायवाट आहे, सरळ. पण घरात नियम असा की एकदा आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरला की फळ व्यापाऱ्याच्या गाडीत चढेपर्यंत अडचणीतल्या बाईमाणसानं झाडांमधून जायचं नाही. मग ती पोरगी त्या दिवसांत नाल्याच्या काठानं, गावाला वळसा घालून यायची. चिखलातून. आणि आली की मी तिला कोंबड्याचं विचारायचो.

हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. कारण आता माझ्या तासामुळे तिचा वळसा वाचणार होता. बाई म्हणाल्या, “सर, बगीचा त्या पोरीच्या नावावर आहे का?” मला तेव्हा वाटलं की बाईंना विज्ञानाची आवड नाही.

बाकीच्या मुलींनी गृहपाठ अर्थातच केला नाही. त्या शहाण्या होत्या. तिनं केला. वेणीची लाल रिबीन एका झाडाच्या बुंध्याला बांधली आणि मला येऊन सांगितलंही, की रांगेतलं कोणतं झाड. त्यानंतर ती कधी उशिरा आली नाही. मी मुख्याध्यापकांजवळ याची फुशारकी मारली. प्रशिक्षणाचा उपयोग होतो बरं का सर, असं म्हणालो.

भाद्रपदात पावसानं उघडीप दिलीच नाही. बगीच्यांमध्ये पाणी साचून राहिलं आणि फळगळ सुरू झाली. एका बगीच्यात नाही, साऱ्या तालुक्यात. झाडाखाली अर्धवट हिरव्या फळांचा सडा, आणि त्याचा आंबट, कुजका वास पार शाळेच्या व्हरांड्यापर्यंत. कृषी खात्याचे लोक येऊन बुंधे बघून गेले, बुरशी म्हणाले, फवारणी म्हणाले. तिच्या घरचा बगीचा तिच्या वडिलांचा आणि मोठ्या काकांचा एकत्र होता. काका रोज सकाळी रांगारांगांतून फिरायचे. अशाच एका सकाळी त्यांना बुंध्यावरची रिबीन दिसली.

घरात विचारणा झाली तेव्हा ती घाबरली नाही. तिनं सरळ सांगितलं की रिबीन माझी, प्रयोग सरांनी सांगितला. तिचं हे सरळपण माझ्याच शिकवण्याचं फळ आहे असं मी एरवी म्हटलं असतं. काकांनी त्याच दिवशी ठरवलं की पोरीचं नाव शाळेतून काढायचं. हे सगळं बाईंना गावातून कळलं आणि त्यांनी मला सकाळीच बजावून ठेवलं, की ते दोघं भाऊ येतील, विचारतील, तेव्हा म्हणा, ‘हो, मीच सांगितलं होतं.’ एवढंच सांगा. तिची शाळा त्यावर अवलंबून आहे.

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

ते दुपारी आले. काका पुढे, खांद्यावर दुपट्टा, उंचपुरे, कपाळाला आठ्या. वडील मागे, बारीक चणीचे, हात जोडलेले. मुलगी त्यांच्यासोबत आली होती, पण ती ऑफिसच्या बाहेर, दाराशी उभी राहिली. मुख्याध्यापकांनी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. मुख्याध्यापकांनी मग माझ्याकडे जे पाहिलं त्यात सगळं होतं: तक्रार वर गेली तर चौकशी, चौकशी लागली तर बदलीच्या यादीतून नाव जातं. त्या वर्षी पहिल्यांदाच माझा नंबर लागेल असं सगळे म्हणत होते. अकोल्याला बायकोनं धाकट्याच्या शाळेत सांगूनही ठेवलं होतं की याचे बाबा आता इथेच येणार आहेत.

वडिलांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. “सर, झाडाले हात लावाचं तुमीनं सांगितलं का?”

मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मी काकांच्या आठ्यांकडे पाहत होतो. मला वाटलं, हे भांडायला आले आहेत, आणि वडील सुरुवात गोड करून देत आहेत. मी म्हणालो, “नाही हो. मी असं कशाला सांगीन? पुस्तकात आहे तेवढंच शिकवलं. पोरींनी काहीतरी भलतंच समजून घेतलं असेल.”

वडील म्हणाले, “पक्कं नं, सर?”

मी म्हणालो, पक्कं.

काकांनी भावाकडे एकदा पाहिलं आणि दुपट्टा झटकून बाहेर पडले. वडील मात्र लगेच निघाले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही. ओळखीच्या माणसाला हाक मारावी आणि त्यानं आपल्याला ओळखलंच नाही असं दाखवावं, तेव्हा माणूस जसा बघतो तसे. मग तेही गेले. दाराशी मुलगी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, फळ्यावरची चूक खोडायची तशी माझी चूक तिथंच खोडेल. तिनं फक्त दप्तर खांद्यावर नीट केलं. दुसऱ्या दिवशी तिचा बाक रिकामा होता.

बाईंनी माझ्याशी बोलणं बंद केलं. कामापुरतं बोलायच्या, हजेरीपट द्या, खडू घ्या. त्यांच्या-माझ्यात चहाची सवय होती, ती मोडली. त्या दुसऱ्यांशी बोलत असताना माझ्या कानावर आलं की मुलीला तिच्या मामाकडे, अमरावतीच्या अलीकडे नांदगाव पेठेला नेऊन ठेवलं आहे. मामा तिथल्या सूतगिरणीत, मामी कपडे शिवायच्या कारखान्यात, आणि त्यांचं लहान लेकरू सांभाळायला घरी कोणी नाही. शाळा बंद. दिवाळीनंतर बाईच एका रविवारी तिकडे गेल्या, तिथल्या शाळेत बोलल्या, इथून दाखला काढून नेऊन दिला आणि तिला आठवीत बसवून आल्या. त्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यायला त्या उभ्या होत्या तेव्हा मी त्याच टेबलावर पेपर तपासत होतो. मी मान वर केली नाही. पेपरात लाल खुणा करत राहिलो, आणि नंतर पाहिलं तर बरोबर उत्तरांनाही फुल्या मारल्या होत्या.

त्या काळात माझी एसटी दर वेळी नांदगाव पेठेवरून जायची. दुसरी वाटच नाही. गिरण्यांची लांबलचक पत्र्याची छपरं दिसायला लागली की मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचो. एसटीत कोण मला ओळखणार होतं? पण सोंग घ्यायचो. मनाशी ठरवलं होतं की बदली एकदा होऊ दे, मग जाता जाता तिच्या वडिलांना खरं सांगून टाकू. म्हणजे खरं बोलल्याचं पुण्यही मिळेल आणि परिणाम भोगायला मी गावात असणारही नाही. असा माझा हिशेब.

उन्हाळ्यात यादी लागली. माझं नाव नव्हतं. काय कारण विचाराल तर काहीच नाही, यादीत माझ्या वरचेच कोणी कोणी लागले. कोणतीही तक्रार नाही, कोणतीही चौकशी नाही, आणि बदलीही नाही. बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, धाकट्याला आता काय सांगू? मी म्हणालो, सांग, बाबा येतील पुढच्या वर्षी. फोन ठेवला आणि खोलीत बराच वेळ बसून राहिलो. ज्याच्यासाठी खोटं बोललो ते कधी माझ्या वाट्याचं नव्हतंच. मग उठलो आणि बगीच्याकडे गेलो. पायवाटेनं, झाडांमधून, सरळ. शाळेपासून त्या घरापर्यंत चालायला किती कमी वेळ लागतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

वडील ठिबकची फुटलेली नळी जोडत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की मी सांगितलं होतं, शब्द न् शब्द, आणि तुमची मुलगी खरं बोलत होती. त्यांनी नळी खाली ठेवली नाही. “तुमाले काय वाटलं सर, मी भांडाले आलतो?”

मी त्यांच्या हातातल्या नळीकडे बघू लागलो.

“दादा म्हने पोरगी शाळेत जाऊन बिघडली. मी म्हनलं, मास्तरनं सांगितलं म्हनून तिनं केलं, तिची काय चूक? तो म्हने, मास्तर असं सांगूच शकत नाही. म्हनलं चाल मंग, मास्तरच्याच तोंडून आयक. तुमी हो म्हनान या भरोशावर मी त्याले शाळेत आनलं.” त्यांनी नळी दाबून पाहिली. “बहार त साऱ्या तालुक्याचा गळला. तिच्या झाडाचा गळला, बाजूच्याचाबी गळला. ते काय मले दिसत नाही? तुमी फक्त हो म्हनाचं होतं.”

मी ज्याला हल्लेखोर समजलो तो माझ्याच बाजूचा माणूस होता, साऱ्या घरात एकटा. आणि मी त्यालाच त्याच्या भावासमोर तोंडघशी पाडलं होतं. मी म्हणालो, आत्ता चलतो, काकांना आत्ताच्या आत्ता सांगतो. ते हसले. म्हणाले की आता गेलात तर दादा म्हणेल मास्तरला मी पढवून आणलं. राहू द्या. शिवाय दादा आता नरमला आहे, यंदाची फळं चांगली धरली आहेत, घरात पोरीची आठवणही निघते. पोरगी नववीला इथंच येते म्हणाली तर कोणी आडवं येणार नाही. आडवी तीच येते. माझं ऐकत नाही, आईचं ऐकत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही नांदगाव पेठेवरूनच जाता नं? तुम्हीच विचारा तिला.

असं मोठं काम माझ्यावर त्या गावात पुन्हा कोणी सोपवेल असं वाटलं नव्हतं. मी तालुक्याच्या ठिकाणाहून नववीच्या विज्ञानाचं गाईड घेतलं, लहान लेकरासाठी बिस्किटांचा पुडा घेतला, आणि पुढच्या सुटीत डोळे उघडे ठेवून एसटीत बसलो. वाटेत काय बोलायचं ते घोकत होतो. माफी कुठे मागायची, बाकाचा उल्लेख कुठे करायचा, सगळं टाचण काढल्यासारखं.

मामाची खोली गिरणीच्या मागच्या वस्तीत होती. मामा-मामी दोघं कामावर. ती दाराशी बसून लेकराला खिचडी भरवत होती. वर्षभरात उंच झाली होती. मला पाहून उठली, या सर म्हणाली, पाणी दिलं. गाईड घेतलं आणि नीट फळीवर ठेवलं. इतकं रीतसर की माझं सगळं टाचण विसरायला झालं. तरी मी बोललो. माफी मागितली. तिनं मान हलवली, हो म्हणून की असू द्या म्हणून ते कळलं नाही. मग मी घाईघाईनं बाकीचं सांगितलं, की तुझ्या वडिलांना मी खरं सांगून आलो, काका आता काही म्हणत नाहीत, मॅडम रोज तुझी आठवण काढतात, तुझा बाक तसाच आहे, आणि पायवाटेनं आलीस तरी आता तुला कोणी अडवणार नाही.

ती लेकराच्या तोंडापुढे घास धरून ऐकत होती. मग तिनं विचारलं, “सर, तुमची बदली झाली का?”

मला भरून आलं. एवढं सगळं होऊनही पोरीला माझी काळजी आहे, असं वाटलं. मी म्हणालो, नाही गं, यंदाही राहिली. तिला धीर यावा म्हणून पुढे हेही सांगितलं की मी आता तिथंच आहे, कुठे जात नाही, नववीचं विज्ञानही माझ्याकडेच आहे आणि वर्गशिक्षकही मीच.

तिनं लेकराचं तोंड पुसलं.

“मंग मी इथंच बरी आहो.”